काकांचं बत्तीस साल

"काल राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना घरी पाठवलं," काका चहात टोस्ट बुडवत म्हणाले.

मी त्या घरात भाड्याने राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. मी घाईघाईने फोन काढला. एवढी मोठी बातमी, आणि पुण्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणी कुणाशी भांडलेलं नाही, हे शक्यच नव्हतं. बातम्या खाली-वर करून पाहिल्या. महाराष्ट्रात सगळं जागच्या जागी होतं.

"कुठल्या मुख्यमंत्र्यांना, काका?"

"न्यू साउथ वेल्सच्या."

"म्हणजे ऑस्ट्रेलियात? कधी?"

"काल म्हटलं ना. बत्तीस साली."

काकूंनी माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. "खाऊन घे बाई तू. आता आठवडाभर हेच चालते यांचं."

इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या त्या घरात मी जवळजवळ दोन वर्षं राहिले. त्यातल्या शेवटच्या काही आठवड्यांत मला नोकरी नव्हती आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. दोन महिन्यांत व्हिसा स्पॉन्सर करणारी दुसरी कंपनी मिळाली नाही, तर बॅग भरून परत जावं लागणार होतं. काकांबद्दल सांगायचं तर हे आधी सांगून टाकायला हवं, कारण त्याआधी मला ते बहुतेक वेळा एक मजेशीर म्हातारे वाटायचे. त्यानंतर तसं वाटलं नाही.

तर काकांची पद्धत अशी. रोज सकाळी आंघोळ झाली की ते कॉम्प्युटर उघडत आणि ऑस्ट्रेलियातलं एक वर्तमानपत्र वाचत. आजच्याच तारखेचं, पण १९३२ सालचं. तिकडच्या लोकांनी त्यांची जुनी वर्तमानपत्रं पानन् पान नेटवर टाकून ठेवली आहेत, कुणीही फुकट वाचावीत. काका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, मेंढ्यांच्या बाजारभावासकट, हरवलेल्या छत्र्यांच्या जाहिरातींसकट. उद्याचा अंक एका क्लिकवर असायचा, पण उद्याचा अंक उद्याच. डिसेंबर संपला की वर्ष संपलं. मग एक जानेवारीला पुन्हा १९३२ सुरू, या वेळी दुसऱ्या गावाच्या पेपरातून. एक वर्ष सिडनीहून, एक मेलबर्नहून, एक पर्थहून. नंतर मग लहान गावं, गव्हाची, खाणींची, कुठे कुठे तर गावात एक रस्ता आणि दोन दारूचे गुत्ते, पण पेपर आहे.

एखाद्या बुधवारी ते उगाच चिडचिडे असायचे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, "आज पेपर नाही. तिकडे रविवार आहे."

"काका, तेच तेच वर्ष वाचून कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं. पुण्याची आहे, तोंडावर विचारते.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी बावळटासारखं बोलले असावे. "एक वर्ष म्हणजे केवढं असतं याची तुला कल्पना आहे का? मी अजून टास्मानियाला गेलेलो नाही."

आयुष्यात ते ऑस्ट्रेलियाला गेले नव्हते. लीड्सच्या त्यांच्या मुलीने सत्तरीला सिडनीची तिकिटं काढून द्यायची तयारी दाखवली होती. काका म्हणाले, तिथं आता काय आहे? पूल तर मी उघडताना पाहिलाय. मुलगी रडायच्या बेतात आली होती म्हणे, पण काका हलले नाहीत.

त्या पुलाच्या उद्घाटनाचा दिवस मात्र या घरात सणासारखा. मार्च महिन्यात काका एका सकाळी सूट घालून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. सिडनीच्या बंदरावर तो मोठा पूल बांधून झालेला, लाखो माणसं जमलेली, मुख्यमंत्री कात्री घेऊन फीत कापायला सज्ज, आणि तेवढ्यात लष्करी वेशातला एक माणूस घोड्यावरून पुढे येतो आणि तलवारीने फीत कापून टाकतो. मुख्यमंत्री त्याला आवडत नव्हते, म्हणून. ही गोष्ट जगात पुष्कळ लोकांना माहीत आहे. मला नव्हती. मी पोट धरून हसले.

काका हसले नाहीत. "घोडेस्वार सगळ्यांना आठवतो," ते म्हणाले. "त्याला पकडून नेला. मग फीत परत बांधली आणि मुख्यमंत्र्यांनी ती रीतसर कापली. परत कुणी बांधली?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं कुणीतरी वाकलं असेल ना? लाखो माणसांसमोर दोन तुटके तुकडे घेऊन गाठ मारली असेल. नाव नाही कुठे. मी इतक्या गावांच्या पेपरांत शोधलं. घोड्याचं वर्णन सगळ्यांनी दिलंय."

मी हसायची थांबले. मी संगणकातली माणूस आहे, दिवसभर माहितीच्या ढिगात हात घालणं हाच माझा धंदा. पण अख्ख्या सोहळ्यातून हा प्रश्न मला शंभर वर्षांत पडला नसता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस साधा नाही.

काकांबरोबर फिरायला जाणं म्हणजे एक वेगळाच प्रकार. मिल्टन कीन्समध्ये गाड्यांचे रस्ते वेगळे आणि चालायचे तांबडे रस्ते वेगळे. त्या तांबड्या रस्त्यावरून काका हात पाठीमागे बांधून चालत आणि मी त्यांच्या मागे. नोव्हेंबरात तळ्याजवळ कॅनडातून आलेली ती दांडगी बदकं वाटेत ठाण मांडून बसलेली असतात. माणूस दिसला की माना पसरून फुसफुसतात. मी त्यांना हाकलायला गेले, तर काकांनी माझी बाही धरली.

"नको. यांच्याशी युद्ध करू नये. सैन्य हरलंय."

मग त्यांनी सांगितलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात, त्याच नोव्हेंबरात, एमू नावाचे शहामृगासारखे पक्षी हजारोंनी गव्हाच्या शेतांत घुसले. शेतकरी बहुतेक महायुद्धातून परतलेले शिपाई होते. त्यांनी सरकारकडे मागितल्या मशीनगन. सरकारने दिल्यासुद्धा, वर चालवायला सैनिक दिले. आणि पक्षी काही ऐकेनात. गोळीबार सुरू झाला की पांगायचे, बंदूक अडकली की परत चरायला यायचे. शेवटी सैन्य परत बोलवावं लागलं. संसदेत कुणीतरी विचारलं की आता पदकं कुणाला द्यायची, तर उत्तर आलं, एमूंना. हे सांगताना काका तळ्याकाठच्या बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. समोरून जाणारी एक बाई कुत्र्याला घेऊन लांबून गेली.

"पण गहू?" मी म्हटलं. "त्या शेतकऱ्यांच्या गव्हाचं काय झालं?"

काकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "हां," म्हणाले. "हे तू चांगलं विचारलंस." त्यांच्याकडून ही शाबासकी मला त्या दोन वर्षांत दोनदाच मिळाली, आणि कामावरच्या अप्रेझलपेक्षा मला तिचं जास्त अप्रूप वाटलं.

डिसेंबर हा क्रिकेटचा महिना. शेजारी एक इंग्रज गृहस्थ राहतात, निवृत्त शिक्षक, क्रिकेटचे वेडे. इंग्लंडचा संघ तेव्हा ऑस्ट्रेलियात गेला होता आणि त्यांचे गोलंदाज सरळ फलंदाजांच्या अंगावर चेंडू टाकत होते. त्यावरून काका आणि ते आजोबा दर डिसेंबरात कुंपणावरून भांडतात. काका ऑस्ट्रेलियाच्या बाजूने, आजोबा आपल्या लोकांच्या बाजूने, आणि दोघंही असे चिडतात की जणू मैदानावरून आत्ताच आलेत. आजोबांची अडचण अशी की त्यांना मालिकेचा निकाल माहीत आहे, आणि काकांना नाही. मालिका संपली तेहतीस साली, आणि काका तेहतीस सालात कधी गेलेलेच नाहीत.

"त्यांचा तो सगळ्यांत मोठा फलंदाज," काका मला म्हणाले, "माझ्याकडे पहिल्याच चेंडूवर बाद झालाय. वर्ष तिथंच संपतं. दुसऱ्या डावात त्याने काय केलं, मला माहीत नाही."

"अहो काका, गूगल करा ना. दोन सेकंदांचं काम."

"त्याला तरी कुठे माहीत होतं त्या रात्री?"

कुंपणापलीकडे आजोबा हातात झुडपं छाटायची कात्री घेऊन तळमळत उभे होते. इतकी वर्षं ते तोंडाला कुलूप लावून आहेत. मैत्री म्हणजे काय ते मी तिथं पाहिलं.

सप्टेंबरात मात्र काका बोलत नसत. काका-काकू नागपूरचे, बौद्ध घरातले. बत्तीस सालच्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात काय झालं, कुणी उपोषण केलं, कुणाला कशावर सही करावी लागली, हे मराठी माणसाला सांगायला नको. ऑस्ट्रेलियाच्या पेपरांत ती बातमी कुठे अर्धा कॉलम यायची, कुठे चार ओळी, लोकरीच्या भावाखाली. तेवढा आठवडा काका पेपर उभ्याने वाचत. खुर्ची असूनही. एकदा मी धीर करून म्हटलं, "म्हणून तुम्ही बत्तीस साल निवडलंत का?"

"नाही," ते म्हणाले. "ते नंतर लक्षात आलं. तेव्हा बराच उशीर झाला होता, मी त्या वर्षात राहायला गेलो होतो."

"मग का?"

"सहज लागलं हाताला." एवढं बोलून ते जिन्यावरून वर गेले. काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

आणि मग फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. टीमच्या टीम बंद केली, एका व्हिडिओ कॉलवर, अर्ध्या तासात. एचआरच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं. मी थँक यू म्हणाले. अजून मला स्वतःचा राग येतो की मी थँक यू म्हणाले.

कुणाला सांगणार? बाबा सकाळी फिरायला जातात तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे की आमची मुलगी यूकेत बँकेत आहे. आई तर माझ्या पदाचं नाव इंग्रजीत पाठ म्हणून दाखवते. इथल्या मराठी मंडळातले अर्धे लोक माझ्याच क्षेत्रातले, त्यांना सांगितलं असतं तर कुणीतरी रेफर केलं असतं. पण तेच तर नको होतं. परवापर्यंत ज्यांच्याबरोबर ऐटीत गप्पा मारल्या, त्यांच्यापुढे हात पसरायचा? त्यापेक्षा आपलं आपण शोधू. म्हणून मी रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून, काका-काकूंना "येते हं" म्हणून, सेंट्रलला, म्हणजे शहराच्या मध्यभागी, लायब्ररीत जाऊन बसायचे. अर्ज पाठवायचे. 'स्पॉन्सरशिप लागेल का' या रकान्यात हो लिहिलं की पुढे शांतता. आठवडे जात होते. सकाळी काका मला सांगत, पुलावर आता रेल्वे पण धावतेय, आणि मी म्हणे, वा.

मार्चअखेर पाडव्याचा कार्यक्रम आला. मंडळाच्या अध्यक्ष ताईंना एक पाहुणा ऐन वेळी आजारी पडल्यामुळे वक्ता हवा होता. "काका, तुम्ही ऑस्ट्रेलियावर खूप वाचलंय म्हणे. जेवण आणि अंताक्षरीच्या मधे अर्ध्या तासाचा स्लॉट आहे." काका कधी नव्हे ते हो म्हणाले. काकूंना आश्चर्य वाटलं. ताईंनी ग्रुपवर टाकलं, काका ऑस्ट्रेलियावर बोलणार आहेत, प्रश्नोत्तरं होतील. आता आमच्या मंडळात व्हिसावर असलेला प्रत्येक माणूस इथल्या बदलत्या नियमांना कंटाळून मनातल्या मनात एकदा तरी ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेला असतो. अंताक्षरीला येत नाहीत तेवढे लोक त्या दिवशी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आले. काहींनी वह्या आणल्या होत्या.

आमच्याकडे कार्यक्रमाआधी ओळख करून द्यायची पद्धत आहे. माइक हातोहात फिरतो, प्रत्येकाने नाव, गाव आणि कंपनी सांगायची. नाव कुणी ऐकत नाही, गावाला कुणीतरी 'अरे वा' म्हणतं, आणि कंपनी सगळे ऐकतात. माइक माझ्या दिशेने येतोय हे दिसल्यावर मी श्रीखंडाचं पातेलं धुवायला किचनमध्ये पळाले. परत आले तर अध्यक्ष ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून एका नव्या जोडप्याला सांगितलं, "ही पण बँकेतच आहे हं, हिला विचारा." मी मान हलवली. काकांनी ते पाहिलं. ते स्टेजवर खुर्चीत बसले होते, अंगात पुलाच्या उद्घाटनाचा सूट.

काका उभे राहायच्या आतच एका तरुणाने हात वर केला. "काका, पीआरसाठी इंग्लिशच्या परीक्षेत किती स्कोअर लागतो हल्ली?"

"हल्लीचं मला माहीत नाही," काका माइकवर म्हणाले. "माझ्या वर्षी परीक्षा वेगळी होती. बोटीतून उतरलेल्या माणसाला अधिकारी श्रुतलेखन घालायचा. पन्नास शब्दांचं. पण इंग्रजीतच असं नाही. युरोपातल्या कुठल्याही भाषेत, अधिकारी निवडेल त्या. तुम्हाला इंग्रजी येतं? मग घ्या जर्मन. गोरा नसलेला माणूस पास होऊ नये, यासाठी काढलेली परीक्षा होती ती. आणि बत्तीस साली त्यांनी ठरवलं की येऊन पाच वर्षं होईपर्यंत ती कधीही घेता येईल. घर केलंत, दुकान टाकलंत, तरी एक दिवस दारावर टकटक, चला, लिहा."

हॉलमध्ये हशा सुरू झाला होता, तो 'पाच वर्षं' या शब्दांवर थांबला. आमच्यातल्या बहुतेकांची इथं कायमचं राहायची परवानगी मिळण्याआधीची पाच वर्षं चालू होती. वह्या आणलेल्यांनी वह्या मिटल्या. मला वाटलं आता लोक उठून जाणार, पण कुणी उठलं नाही.

मग काका बेकारांबद्दल बोलले. त्या वर्षी तिकडे गावंच्या गावं कामाशिवाय होती. पाठीवर वळकटी घेतलेले पुरुष रस्त्याने चालत असायचे. पोलीस चौकीत रेशन मिळे, पण अट अशी की पुढच्या आठवड्याचं रेशन पुढच्या गावात. एका जागी थांबलात तर काही नाही. "म्हणजे काम नसलेल्या माणसाला सरकारने चालायचं काम लावलं," काका म्हणाले. ते ही माणसं अशी सांगत होते की जणू सकाळी त्यांना दारात भेटले होते. कुणाचे बूट कसे होते, कुण्या बाईने कुंपणावर चहाची किटली कशी ठेवून दिली होती, कुठल्या गावच्या बँडने त्यांच्यासाठी वाजवलं आणि कुठल्या गावाने हाकललं. एकही कागद हातात नाही. मी त्या माणसाबरोबर जवळजवळ दोन वर्षं नाश्ता केला होता आणि मला पत्ता नव्हता की त्यांच्या डोक्यात एक अख्खा देश नांदतोय. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

"आता तुम्ही विचाराल, हेच वर्ष का," काका म्हणाले. "सगळे विचारतात. मी सांगतो, सहज हाताला लागलं. ते खोटं नाही. पण हाताला लागलं तेव्हा मी कुठे होतो, ते मी सांगत नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी लायब्ररीत होतो. सकाळची वेळ, कामाचा दिवस. मंदी आली होती आणि कंपनीने मला काढून महिना झाला होता. साठीला आलो होतो. मी रोज टाय लावून घरातून निघायचो, गाडी लांब लावायचो आणि लायब्ररीत जाऊन बसायचो. संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या देत घरी. कंपनीने जाताना जे दिलं, ते पगारासारखं थोडं थोडं खात्यात टाकायचो. हे पेपर तेव्हा नुकतेच नेटवर यायला लागले होते. एक पान उघडलं, तर पानभर कामावरून काढलेली माणसं. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुढचा अंक उघडला. असं करत वर्ष काढलं. नंतर मला नोकरी मिळाली, पण ती माणसं अजून तिथंच होती, म्हणून जात राहिलो."

"हिला मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही," काका पहिल्या रांगेतल्या काकूंकडे न बघता म्हणाले. "आज का सांगतोय? कारण या हॉलमध्ये कुणीतरी असेल जे रोज सकाळी बॅग घेऊन निघत असेल आणि तिथंच जाऊन बसत असेल. त्याला एवढंच सांगायचंय की खिडकीजवळची टेबलं गार पडतात. रेडिएटरजवळ बसावं."

मी खिडकीजवळ बसत होते. त्यांनी मला कधी पाहिलं होतं कोण जाणे. माझे कान इतके तापले की मला पुढचं काही ऐकू येईना. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

मग पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला. माइक नव्हता, पण त्यांना कधी लागलाच नाही.

"अहो, मला काय आज कळून राहिलं का? तुमच्या हापिसात कँटीन होतं. इतकी वर्षं तुम्ही तिथंच जेवले. मग एक दिवस मी डबा द्यायला लागली, तर का म्हणून, हे तुम्ही कधी विचारलं का? लायब्ररीत कुठलं आलं कँटीन?"

काका चष्मा हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्या एका वर्षाचा कोपरान् कोपरा पाठ असलेला माणूस, आणि स्वतःच्या घरातली ही बातमी त्याच्या वाचनातून सुटली होती.

"तू बोलली नाहीस कधी," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही कुठं बोलले? म्हटलं, बोलतील तेव्हा बोलतील. भाजी मात्र रोज वेगळी देत होती मी."

लोक हसले, काही जणांनी डोळे पुसले. काकू मागे वळल्या आणि त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेले काही आठवडे रोज सकाळी मी निघताना त्या दाराशी माझ्याही हातात एक डबा देत होत्या. मी समजत होते, उरलंसुरलं संपवतायत.

मी उभी राहिले. "माझी नोकरी गेली आहे," मी म्हणाले. "फेब्रुवारीतच. घरी पण सांगितलेलं नाही. आता महिनाही उरलेला नाही माझ्याकडे."

अध्यक्ष ताईंच्या तोंडाचा आ झाला. कुणीतरी खुर्ची सरकवली. दोन रांगा पुढे एक माणूस, ज्याने तासाभरापूर्वी माइकवर मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं होतं, त्याने बायकोकडे पाहिलं आणि तोही सावकाश उभा राहिला. बायकोने त्याचा हात धरला.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बेटा," ते माइकवर म्हणाले, "तुला काम काय काय येतं?"

मी सांगू लागले. मागे कुणीतरी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि म्हणालं, "जरा हळू सांग, लिहून घेतोय."